राखेचं सिमेंट आणि चौदा दिवसांचं पाणी



गेल्या दोन महिन्यांत आम्ही गटांच्या बैठकांना जिथे जिथे गेलो, तिथे एक प्रश्न हमखास निघाला. त्र्यंबक तालुक्यात निघाला, दिंडोरीत निघाला, इगतपुरीकडेही निघाला. घरकुलाचं काम चालू असलेली एखादी ताई हळूच विचारायची, "सिमेंटमध्ये राख असते म्हणे. गोणीवरच लिहिलंय. मग आम्ही काय राखेचं घर बांधतोय का?" आणि मागून दुसरी म्हणायची, "आमचा मिस्त्री तर वरून आणखी राख घालतो. म्हणतो, माल मऊ येतो."

पहिल्या ताईचं भय खोटं आहे. दुसऱ्या ताईचं मात्र खरं आहे. दोन्ही गोष्टी एकाच राखेच्या आहेत, म्हणून आज जरा निवांत बोलू.

आधी आमचीच फजिती सांगतो, म्हणजे आम्ही शहाणपण शिकवायला आलोय असं वाटायला नको. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाने नागलीच्या पापडासाठी एक खोली बांधली. पैसे जेमतेम होते. काम निघालं मे महिन्यात, कारण पावसाच्या आत छप्पर व्हायला हवं होतं. मिस्त्रीने ट्रॅक्टरमधून राख आणली आणि सिमेंटच्या प्रत्येक गोणीमागे दोन घमेली घालू लागला. आम्ही विचारलं तर म्हणाला, "मोठमोठ्या धरणांत घालतात, तुमच्या खोलीला काय होतंय?" आम्हाला पटलं. खरं सांगायचं तर गोण्या वाचतायत म्हणून पटवून घेतलं. स्लॅबला चार दिवस पाणी मारलं. पाचव्या दिवशी टँकर आला नाही, सहाव्या दिवशीही नाही. आठव्या दिवशी सेंटरिंगवाला फळ्या न्यायला आला, त्याला दुसरीकडे काम होतं. आम्ही नेऊ दिल्या.

पहिल्याच पावसात स्लॅबच्या खालच्या बाजूला ओल उतरली. खाली केलेल्या कोब्याची तर रोज झाडू मारला की पांढरट धूळ निघायची. पापडाच्या खोलीत धूळ! पिठावर बसायची. दोन वर्षांनी पुन्हा पैसे काढून वरून गिलावा आणि नवीन कोबा करावा लागला. त्या मिस्त्रीला आम्ही पुष्कळ शिव्या दिल्या. मग एका अभियंता ताईंनी आम्हाला बसवून सगळं उलगडून सांगितलं, तेव्हा कळलं की चुका आमच्याही तेवढ्याच होत्या.

तर ही राख येते कुठून? नाशिकरोडवरून पुढे गेलं की एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात. तिथलं औष्णिक वीज केंद्र आपल्याला माहीत आहेच. २१० मेगावॉटचे तीन संच तिथे आहेत. वीज करायला कोळसा जाळतात, आणि आपल्या देशातल्या कोळशात राख फार. १०० किलो कोळसा जाळला तर ३० ते ४० किलो राख उरते. त्यातली थोडी जड राख भट्टीच्या तळाला पडते. बाकीची पिठासारखी बारीक राख धुराबरोबर वर निघते. ती चिमणीतून बाहेर जाऊ नये म्हणून वाटेत विजेच्या यंत्रांनी पकडतात. या उडत्या राखेला इंग्रजी धाटणीने 'फ्लाय ॲश' म्हणतात. सिमेंटमध्ये जाते ती हीच, कोरडी आणि बारीक.

जी राख पाण्यात कालवून पाइपाने मोठ्या तळ्यात सोडतात, ती वेगळी. तिला बंधाऱ्याची राख म्हणू. त्यात बारीक, जाड, तळाची, सगळी एक होते आणि ओली पडून राहते. भरावाला चालते, सिमेंटच्या जागी चालत नाही. राखेच्या बंधाऱ्याशेजारच्या गावांना उन्हाळ्यातल्या वाऱ्यावर ती कशी उडते, भांड्यांवर कशी बसते, हे आम्ही सांगायला नको. आमच्या मिस्त्रीने ट्रॅक्टरमधून आणलेली राख ओलसर होती. म्हणजे काय असणार, ते तुम्हीच ओळखा.

आता राख सिमेंटमध्ये करते काय? सिमेंटला पाणी लागलं की ते घट्ट होत जातं, हे आपण पाहतो. पण घट्ट होताना त्यातून चुना सुटतो, हे दिसत नाही. थोडाथोडका नाही, चांगलाच. हा मोकळा चुना भिंतीला ताकद देत नाही. नुसता आत बसून राहतो आणि पाणी झिरपलं की त्याच्याबरोबर बाहेर येतो. जुन्या गळक्या स्लॅबखाली पांढरे ओघळ पाहिलेत ना? तो हाच चुना.

चांगली राख या मोकळ्या चुन्याला धरते. राखेत सिलिका असते, म्हणजे वाळूत असते तीच चीज, पण वेगळ्या रूपात. चुना, सिलिका आणि पाणी यांचं मिळून पुन्हा तेच घट्ट द्रव्य तयार होतं जे सिमेंटचं होतं. म्हणजे वाया जाणारा चुना कामाला लागतो आणि आतली बारीक छिद्रं भरत जातात. ओल कमी झिरपते. पाण्याची टाकी, न्हाणीघर, शौचालयाचा खड्डा, जोतं, अशा कायम ओलाव्यातल्या कामांना म्हणूनच राखेचं सिमेंट उलट चांगलं. शिवाय सिमेंट घट्ट होताना तापतं, ते तापणंही राखेमुळे कमी होतं.

"मग वाळूतही सिलिका आहे, ती का नाही चुना धरत?" असं एका बैठकीत एका आजींनी विचारलं. फार नेमका प्रश्न. वाळूतली सिलिका स्फटिकाच्या रूपात पक्की बांधलेली असते, ती कुणाशी मिसळायला तयार नसते. भट्टीत मात्र कोळशातली माती वितळते, तिचे थेंब होतात आणि धुराबरोबर निघताना ते क्षणात गार होतात. स्फटिक व्हायला त्यांना वेळच मिळत नाही. त्यामुळे राखेचा कण म्हणजे काचेचा सूक्ष्म मणी असतो, गोल आणि गुळगुळीत. तो चुन्याशी चटकन जुळतो. आणि गोल असल्यामुळे माल हाताखाली मऊ सरकतो. मिस्त्री 'मऊ येतो' म्हणतात ते काही खोटं नाही.

याच गुणाला पोझोलाना म्हणतात. गोणीवर हा शब्द पाहून पुष्कळजणी अडखळतात. तो एका गावाच्या नावावरून आलाय. इटली देशात ज्वालामुखीच्या मुलखात पोझुओली नावाचं गाव आहे. तिथली ज्वालामुखीची राख चुन्यात घातली की बांधकाम पाण्यातसुद्धा घट्ट होतं, हे रोमन लोकांना कळलं होतं. रोम शहरात त्यांनी बांधलेला एक मोठा घुमट सुमारे १९०० वर्षं उभा आहे. त्यात लोखंडाची एक सळई नाही.

आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच. म्हणजे आपल्या काळ्या दगडाची भुकटी चालावी की! पण नाही. आपला लाव्हा थरांवर थर असा पसरला आणि सावकाश गार झाला. त्यामुळे त्यात स्फटिक बनले. दगड फोडायला कणखर, खडीला उत्तम, पण चुना धरायला निरुपयोगी. क्रशरची कच वाळूच्या जागी वापरा. सिमेंटच्या जागी कुणी सुचवली तर हात जोडा.

आपल्या जुन्या गवंड्यांकडे ज्वालामुखीची राख नव्हती, पण त्यांनी दुसरी युक्ती शोधली होती. सुरखी. भाजलेल्या विटा कुटून, चाळून केलेली लाल भुकटी. माती बेताने भाजली की तीही चुना धरायला तयार होते. फार भाजली, काळीनिळी खंगर झाली, की तो गुण जातो. चुना, सुरखी आणि वाळू घाण्यात घालून बैलांकडून तासन्‌तास मळत. किल्ल्यांवर फिरायला गेलात तर गोल खाच आणि त्यात पडलेलं मोठं दगडी चाक दिसतं, तो चुन्याचा घाणा. पोरं त्याला जातं म्हणतात. तसं ते जातंच.

ज्यांची घरं जुन्या वाड्यातली आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. चुन्यातल्या भिंतीवर सिमेंटचा कडक गिलावा करू नका. भिंतीतली ओल आत कोंडते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. दुरुस्ती शक्यतो चुना आणि सुरखीतच करा. एक भाग चुना, एक भाग सुरखी, एक भाग वाळू, असं जुनं साधं प्रमाण आहे.

आता धरणाची गोष्ट, कारण आमच्या मिस्त्रीने तिच्याच जोरावर आम्हाला गप्प केलं होतं. घोटीवरून भंडारदऱ्याकडे गेलं की एकाच डोंगरात दोन काळ दिसतात. भंडारदरा धरण १९२६ साली पुरं झालं, दगडात आणि चुन्यात. तिथून थोडं पुढे घाटघरला वीजप्रकल्पाची धरणं आहेत, ती या शतकातली. घाटघरला काँक्रीट ओतून नाही, तर थर पसरून, रोलर फिरवून, दाबून धरण बांधलं. आपल्या देशात हे तंत्र मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा तिथे वापरलं गेलं. आणि त्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा राख जास्त आहे! म्हणजे मिस्त्री खोटं बोलला नव्हता.

मग धरणाला जे चाललं ते आमच्या खोलीला का चाललं नाही? अभियंता ताईंनी असं समजावलं. धरणाची राख कोरडी, तपासलेली. मालात पाणी किती, सिमेंट किती, हे आधी प्रयोगशाळेत नमुने करून, ते दाबून, फोडून ठरवलेलं. आपल्या नाशिकमध्येच दिंडोरी रोडला 'मेरी' ही सरकारी संशोधन संस्था १९५९ पासून धरणं आणि बांधकामाच्या सामानाचा अभ्यास करतेय. असल्या तपासण्यांशिवाय धरणाचं काम पुढे सरकत नाही. शिवाय धरणाला घाई नसते. पूर्ण ताकद यायला महिने लागले तरी चालतं, कारण पाणी लगेच भरायचं नसतं. आमच्या स्लॅबखालच्या फळ्या तर आठव्या दिवशी निघाल्या.

मुख्य गोष्ट तर पुढेच होती. आम्ही आणलेल्या गोणीत राख आधीपासूनच होती.

हे नीट ऐका. आज गावातल्या दुकानात मिळणारं बहुतेक सिमेंट हे 'पोर्टलंड पोझोलाना सिमेंट' असतं, दुकानदार त्याला पीपीसी म्हणतो. गोणीवर 'आयएस १४८९' असा आकडा आणि आयएसआयचा शिक्का असतो. या सिमेंटमध्ये राख १५ ते ३५ टक्के असावी असं मानक आहे. बऱ्याच गोण्यांवर नेमकी टक्केवारीही छापलेली असते. समजा ३० टक्के आहे. म्हणजे ५० किलोच्या गोणीत १५ किलो राख आणि ३५ किलो बाकीचं सिमेंट. हे कारखान्यात मोजून, एकजीव दळून केलेलं असतं. आता त्यात मिस्त्रीने दोन घमेली राख घातली, म्हणजे धरा २० किलो. एकूण झालं ७० किलो, त्यात राख ३५ किलो. निम्मी राख! सिमेंटमधून सुटणारा चुना तेवढा नाही, मग उरलेली राख नुसती माती होऊन बसते. तीच आमच्या कोब्यातून झाडूबरोबर बाहेर येत होती.

तेव्हा घरकुलाच्या, गोठ्याच्या, खोलीच्या कामात पीपीसी बिनधास्त वापरा. पण साइटवर वरून राख घालू देऊ नका. 'आयएस २६९' किंवा ओपीसी असं लिहिलेलं साधं सिमेंट असेल आणि अभियंत्याने प्रमाण लिहून दिलं असेल, राखही तपासलेली, गोणीबंद असेल, तर गोष्ट वेगळी. ते काम घमेल्याच्या अंदाजाने करायचं नाही. गोणीवर तयार झाल्याचा आठवडा आणि साल असतं, तेही वाचा. तीन महिन्यांहून जुनी गोणी, तीही पावसाळ्यात उघड्या पडवीत ठेवलेली, ताकद गमावते. गोणीवरचं वाचायला मुलीला लावा. आमच्या एका गटातली नववीतली पोरगी आता अख्ख्या वस्तीच्या गोण्या वाचून देते. मिस्त्री लोक तिला वचकून असतात.

आता पाण्याकडे वळू. आजचं खरं बोलणं हे आहे.

राख चुना धरते खरी, पण सावकाश. थंडीत दही कसं उशिरा लागतं, तसं. विरजण तेच, दूध तेच, तरी रात्रभर थांबावं लागतं. साध्या सिमेंटचं काम पहिल्या आठवड्यात बरंच पुढे गेलेलं असतं. राखेच्या सिमेंटचं काम त्यानंतरही चालूच राहतं, महिनाभर आणि पुढेही. शेवटी ताकद मागे पडत नाही. पण या सगळ्या काळात आत ओल हवी. ओल गेली की काम थांबलं, आणि एकदा कोरडं पडलेलं मग पाणी मारून पूर्ववत होत नाही. निफाडकडच्या मैत्रिणींना डिसेंबर-जानेवारीची थंडी ठाऊक आहे. त्या दिवसांत हे काम आणखी मंद होतं, तेव्हा दोन-चार दिवस वाढवूनच धरा.

देशाचं जे काँक्रीटचं मानक आहे, त्यात साध्या सिमेंटला कमीत कमी ७ दिवस पाणी आणि राखेच्या सिमेंटला कमीत कमी १० दिवस असं लिहिलंय. कोरड्या, उष्ण हवेत राखेच्या सिमेंटला १४ दिवसांपर्यंत वाढवावं, अशी शिफारस आहे. आपल्याकडे बांधकामं कधी निघतात? फेब्रुवारी ते मे. म्हणजे आपल्यासाठी आकडा १४ च. मिस्त्री सात सांगतात, कारण त्यांच्या गुरूने त्यांना सात सांगितलेले असतात. तेव्हा गोणीत राख नसायची.

आणि हे १४ दिवसांचं पाणी आणतं कोण? अंदाजपत्रकात सिमेंट, वाळू, खडी, सळई, मजुरी सगळं लिहितात. पाणी लिहिलं तरी ते टँकरचं, कालवण्यापुरतं. मारायचं पाणी बाईच्या डोक्यावर, आणि ते कुणी मोजत नाही. आपण मोजून पाहू. सरकारी घरकुल कमीत कमी २५ चौरस मीटरचं. तेवढ्या स्लॅबवर आळी करून दोन इंच पाणी साठवायचं तर साडेबाराशे लिटर लागतं. १५ लिटरचा हंडा धरला तर ८३ हंडे. पुढे कडक उन्हात रोज सेंटिमीटरभर पाणी उडतं असं धरलं, तर रोजचे अडीचशे लिटर, म्हणजे १७ हंडे. विहीर टेकडीखाली असेल, पेठ-सुरगाण्यासारखी, तर हे १७ हंडे म्हणजे अर्धा दिवस. मग चार दिवसांनी बाई थकते, पाणी थांबतं, आणि पुढे स्लॅब गळाला की म्हणतात सिमेंटच वाईट होतं.

यावर आम्हाला दोन उपाय दिसतात. पहिला, काम दिवाळीच्या आसपास काढायचं. पाऊस उघडलेला असतो, विहिरींना पाणी असतं, ऊन बेताचं असतं. हप्ता कधी पडेल ते आपल्या हातात नसतं, हे कबूल. कुंभाची कामं सुरू झाली की मिस्त्रीही मिळत नाही. पण जिथे निवड आहे तिथे मे महिना टाळाच. दुसरा उपाय उन्हाळ्यासाठी. पाणी साठवत बसण्यापेक्षा स्लॅबवर गोणपाटं अंथरा, ती भिजवा आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद पसरून कडेला विटा ठेवा. द्राक्षबागांच्या भागात जुना प्लॅस्टिक कागद सहज मिळतो. आतली वाफ आतच राहते. सकाळ-संध्याकाळ कडा उचलून हात लावून पाहायचं, गोणपाट ओलं लागलं की झालं. हंड्यांची संख्या पुष्कळ खाली येते. भिंतींना आणि गिलाव्याला असं झाकता येत नाही, तिथे पिचकारीने किंवा मगाने दिवसातून तीन-चारदा मारावं लागतं, दुपारचं चुकवायचं नाही.

आणि घरातल्या पुरुषांना सांगा की पाणी मारणं हे बांधकामाचं काम आहे, घरकाम नाही. मजुरी लागते त्याला. आमच्या एका गटाने तर घरकुलाच्या हिशेबाच्या वहीत 'पाणी मारणे, १४ दिवस' अशी ओळच घातली आणि पुढे पाळ्या लिहिल्या. सोमवारी सासरे, मंगळवारी दीर. हसू नका, सासरे दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मोटरीची नळी जोडून घेतली.

माल कालवतानाचं पाणी ही मात्र उलट गोष्ट. तिथे जास्त पाणी वाईट. गोणीमागे साधारण २५ लिटरच्या आत राहावं. राखेमुळे माल तसाही मऊ असतो, तेव्हा पाण्याचा आणखी एक डबा ओतायची गरज नाही. ओतणाऱ्याला थांबवायचं काम कठीण आहे, कारण पातळ माल पसरायला सोपा जातो. पण त्या जास्तीच्या पाण्याच्या जागी नंतर छिद्रं उरतात.

आता सेंटरिंग. साध्या सिमेंटच्या स्लॅबला, गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू कमीत कमी ७ दिवस आणि त्याहून मोठा असेल तर १४ दिवस ठेवायचे, असं मानक सांगतं. दुसऱ्या प्रकारच्या सिमेंटला ही मुदत बदलावी, असंही तिथेच लिहिलंय. राखेचं सिमेंट सुरुवातीला हळू चालतं, म्हणजे बदल कुठल्या बाजूला करायचा हे उघड आहे. लहान खोली असली तरी आम्ही १४ दिवस ठेवा म्हणतो. इथे दोन जणांची घाई आडवी येते. एक सेंटरिंगवाला, त्याचा माल अडकलेला असतो. त्याच्याशी भाडं ठरवतानाच १४ दिवसांचं बोला, नंतर नाही. दुसरी घाई पुढच्या हप्त्याची. घरकुलाचे पैसे टप्प्याटप्प्याने येतात आणि प्रत्येक टप्प्याला फोटो काढतात. फोटो स्लॅबचा असतो, काढलेल्या बल्ल्यांचा नाही. टेकू तसेच असताना फोटो काढून घ्यायला हरकत नसते. ग्रामसेवक भाऊंना किंवा घरकुलाच्या अभियंत्यांना आधी विचारून ठेवा.

आता उरलेले प्रश्न. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न: "आमच्या चुलीतली राख चालेल का?" नाही. लाकडाच्या राखेत क्षार भरपूर आणि सिलिका कमी. भांडी घासायला, कणगीतल्या धान्याला, शेतात टाकायला ती उत्तम. मालात मात्र नको. उसाच्या चिपाडाची राख कारखान्यांकडे ढिगाने असते. तिच्यावर अभ्यास झालेत, पण ती अर्धवट जळलेली, काळी असते. तपासल्याशिवाय, दळल्याशिवाय उपयोग नाही.

भाताच्या तुसाची गोष्ट मात्र वेगळी. घोटी-इगतपुरीच्या भात गिरण्यांतून किती तूस निघतं ते तुम्ही पाहता. १०० किलो तूस जाळलं की साधारण २० किलो राख उरते, आणि त्या राखेत जवळजवळ सगळी सिलिकाच. ७०० अंशांच्या आत, बेताने जाळली आणि बारीक दळली तर ती कोळशाच्या राखेपेक्षाही जास्त चुना धरते. फार तापली की स्फटिक होतात आणि ती वाळूसारखी मुर्दाड होते. ढीग पेटवून केलेली राख कुठे काळी, कुठे गुलाबी, तिचा भरवसा नाही. एखाद्या गटाला यात धंदा दिसत असेल तर आधी प्रयोगशाळेत नमुना द्या, मग यंत्राचा विचार करा.

चुना धरणं म्हणजे काय ते डोळ्यांनी बघायचं असेल तर गटाच्या बैठकीत एक गंमत करता येते. विरी गेलेला चुना घ्या. अर्ध्यात बारीक वाळू आणि अर्ध्यात बारीक सुरखी किंवा गोणीबंद कोरडी राख मिसळून लाडू वळा. दोन्ही ओल्या फडक्यात आणि वर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तीन-चार आठवडे ठेवा, मग पाण्याच्या पातेल्यात सोडा. वाळूचा लाडू विरघळत जाईल. दुसरा तसाच राहील. चुन्याला हात लावताना हातमोजे घाला, डोळ्यांत उडू देऊ नका, लहान मुलं लांब ठेवा.

शेवटचं, राखेच्या विटांचं. १९९९ पासून केंद्र सरकारने वीजकेंद्रांजवळच्या विटांत आणि बांधकामांत राख वापरायचे नियम केले, पुढे ते वाढवत नेले. त्यामुळे करड्या विटा आता सगळीकडे मिळतात. त्या भट्टीत भाजत नाहीत. राख, चुना किंवा सिमेंट आणि कच यांचं मिश्रण दाबून करतात आणि पाण्यावर पिकवतात. म्हणजे इथेही तोच हिशेब, घाईने विकलेली वीट कच्ची. ट्रक उतरवायच्या आधी दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर थांबा. मग एक वीट उन्हात पूर्ण वाळवून किराणा दुकानातल्या काट्यावर तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. वजन पाचव्या हिश्शापेक्षा जास्त वाढायला नको. ३ किलोची वीट भिजून ३ किलो ६०० ग्रॅमच्या आत राहायला हवी. जास्त भरली तर तो ट्रक परत पाठवा. आणि ज्या बहिणी विटांच्या किंवा राखेच्या कामावर जातात, त्यांनी नाकातोंडाला नुसता पदर बांधून भागवू नये. ही धूळ इतकी बारीक की पदरातून जाते. मालकाकडे चांगला मास्क मागा, राख हलवताना पाणी शिंपडायला सांगा.

पुढच्या बैठकीला येताना ज्यांच्याकडे काम चालू आहे त्यांनी सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा छापील भाग कापून आणा. एकत्र बसून वाचू.